हातात देता येणारे शब्द

इंग्रजीच्या बाई नोकरी सोडून गेल्या त्याला वर्ष होत आलं, तरी लोक अजून मला विचारतात, मोठ्या बाईंशी वाजलं म्हणून गेल्या ना? मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वाजलं तर होतंच, चांगलं खणखणीत वाजलं होतं, सगळ्या व्हरांड्याने ऐकलं. पण मेमोला भीक घालणाऱ्यातल्या त्या बाई नव्हत्या हो! मेमो त्यांना नेहमीच मिळायचे. त्या मेमोच्या पाठीवर मुलींकडून ब्रेलचे ठिपके उठवून घ्यायच्या आणि शिपायाबरोबर वर निरोप पाठवायच्या, "पुढच्या वेळी कागद जरा जाड वापरा म्हणावं, ठिपके नीट उठत नाहीत." अशी बाई काय कुणाच्या रागाने नोकरी सोडते? तेव्हा उगाच कुणी तोंडाला येईल ते बोलण्यापेक्षा मीच काय ते सांगते. मी इथली स्वयंपाकीण. मुली मला मावशी म्हणतात.

आमची शाळा अंध मुलींची. मुली इथेच राहतात, इथेच जेवतात, सुट्टीत घरी जातात. बाई आल्या तेव्हा तरण्याताठ्या होत्या. चांगल्या शाळेत जागा मिळेपर्यंत इथे काढू म्हणून आल्या आणि केस पांढरे झाले तरी इथेच. लग्न केलं नाही. मागच्या गल्लीत एका खोलीत राहायच्या, जेवायला माझ्याकडे. उंच, काटकुळ्या, चष्म्याच्या काचा जाडजूड, आणि खांद्याला कायम एक कापडी थैली. त्या थैलीत काय नसायचं! कुलूप, विटेचा तुकडा, दोरा, स्पंज, दाराची कडी, एकदा तर माझीच किसणी निघाली. मी चार दिवस किसणी शोधून शोधून बेजार, आणि ही बाई ती पोरींच्या हातात देऊन विचारतेय, "हे काय? नीट बघा. घाई नाही. सगळीकडून हात फिरवल्याशिवाय नाव घ्यायचं नाही."

हाच त्यांचा हट्ट होता. शब्द शिकवायचा तर आधी वस्तू हातात द्यायची. बाकीचे मास्तर पाठ करून घ्यायचे, ॲपल म्हणजे सफरचंद, रिव्हर म्हणजे नदी, झालं. बाई पोरींना घेऊन पुलाखाली गेल्या आणि गुडघाभर पाण्यात उभं केलं. ओले झगे वाळत घालायला मी! मी फणकारले तर म्हणाल्या, "मावशी, नुसते शब्द पाठ केले तर पोपट होतील. आंधळ्या तर आहेतच, वर पोपट कशाला करायच्या?" हे असं फाडफाड बोलणं. पुष्कळांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मला आवडायचं.

मोठ्या वर्गाला नामांचे प्रकार होते. काँक्रीट नाउन आणि ॲबस्ट्रॅक्ट नाउन. मला आधी वाटलं हे बांधकामाचं काहीतरी आहे. बाई जेवता जेवता समजावून सांगायच्या, दुसरं कोण होतं त्यांना सांगायला? पुस्तकात म्हणे असं दिलंय, की जे दिसतं, ऐकू येतं, ज्याचा वास येतो, चव लागते, ज्याला शिवता येतं, ते पहिल्या प्रकारचं. आणि जे नुसतं मनाला कळतं, ते दुसऱ्या प्रकारचं. राग, लोभ, दया, माया ती सगळी दुसऱ्यात. बाईंनी पोरींसाठी सोपं केलं. हातात देता येतं ते पहिलं, हातात देता येत नाही ते दुसरं.

पण दुसरं शिकवायचं कसं? तिथेही बाई गप्प बसल्या नाहीत. शांतता शिकवायला पोरींना पंपाच्या खोलीत नेलं. मोटर धडधडतेय, कानाचे पडदे फाटतायत, आणि मधेच बटण बंद. "ही," म्हणाल्या, "ही सायलेन्स." विश्वास शिकवायला एकीला डोळे... डोळे काय मिटायचे कपाळ, पाठमोरं उभं करून मागे पडायला लावायच्या आणि बाकीच्यांनी झेलायचं. भूक शिकवायची म्हणून एक दिवस मला सांगितलं, मावशी, आज जेवण उशिरा वाढा. माझा तर तिळपापड झाला. पोरी जेवणघराच्या दाराशी रांगेत उभ्या, आत बटाट्याच्या भाजीचा घमघमाट, आणि ही बाई पलीकडून विचारतेय, "आता सांगा, हातात देता येते का?" मी म्हटलं, हात सोडा, ताटात देता येते, सरका बाजूला! आणि वाढायला घेतलं. पोरी काय हसल्या त्या दिवशी. भीती तेवढी त्यांनी कधी शिकवली नाही. म्हणाल्या, ती यांना येतानाच येते.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला मी फौजदार म्हणायची. वस्तू हातात आली की तिची तपासणी सुरू. कडा बघेल, टोक बघेल, वास घेईल, कानाशी वाजवेल, जिभेला लावेल, आणि मगच नाव सांगेल. कधी चुकायची नाही. बाईंचा जीव होता तिच्यावर. दाखवायच्या नाहीत, पण मला कळत होतं. तिची आई लॉन्ड्रीत कामाला. दर महिन्याला एका रविवारी भेटायला यायची. फाटकापाशी भेटीचा बाक आहे, त्यावर दोघी बसायच्या. गुबगुबीत बाई, हात कायम गरम आणि साबणाचा वास. बोटात अंगठी अशी रुतलेली की निघता निघत नसे. मुलगी त्या अंगठीशी खेळत बसायची, नाहीतर आईची जाड वेणी हातात धरून. बोलणं फारसं नाहीच. तिची आई माझ्याकडे यायची तेव्हा एक बशी भरून काहीतरी ठेवायची, मावशी तुमच्यासाठी म्हणून. चांगली होती हो. अगदी साधी, चांगली.

मग कधीतरी ती यायची बंद झाली. एक महिना गेला, दुसरा गेला. मुलगी रविवारी बाकावर बसून राहायची. वडील फोनवर सांगायचे, आईला डबल ड्यूटी आहे, पुढच्या महिन्यात येईल. आम्ही पण तेच धरून चाललो.

त्याच सुमारास व्हरांड्यात एक चिमणी मरून पडली. कुणीही उचलून फेकली असती. बाईंनी ती रुमालात घेतली आणि वर्गात नेली. पोरींनी आजवर चिमणीचा चिवचिवाट ऐकला होता, चिमणी हातात कधी आली असणार? पंख उलगडून दाखवले, चोच दाखवली, काडीसारखे पाय दाखवले. पोरींनी विचारलं, ही हलत का नाही, गार का आहे, आखडलेली का आहे? बाईंनी सांगितलं, ही मेली आहे. मोठ्या बाईंना कळलं तेव्हा ही बोंब! मुलींच्या हातात मेलेलं जनावर? रोगराई झाली तर? पुन्हा मेमो.

पुढच्या आठवड्यात वर्गात शब्द दोन गटांत लावायचे होते. फौजदारने डेथ पहिल्या गटात टाकला. हातात देता येणाऱ्या शब्दांच्या. बाईंनी विचारलं, का गं? तर म्हणाली, "हातात आली होती की. गार असते आणि आखडलेली."

त्या दिवशी बाई माझ्याकडे येऊन बसल्या आणि समोरचा चहा गार झाला तरी त्यांना पत्ता नाही. मी म्हटलं, एवढं काय झालं? सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, मग बरोबरच आहे की पोरीचं, द्या मार्क.

"हातात चिमणी आली होती, मावशी. मरण नव्हतं आलं."

"काय फरक आहे?"

"तोच तर शिकवायचा राहिला," म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला तेव्हा वाटलं, शिकल्यासवरलेल्या माणसांना चैन म्हणून नसत्या काळज्या करायची सवय असते.

परीक्षा तोंडावर आलेली. एके सकाळी मी कांदे चिरत होते आणि मोठ्या बाई स्वतः स्वयंपाकघरात आल्या. त्या कधी येत नाहीत. म्हणाल्या, "आज त्या मुलीला जरा तिच्या आवडीचं काहीतरी करून द्या." मी म्हटलं, कुठल्या? तर फौजदारचं नाव घेतलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, काय झालंय ते सांगा, नाहीतर मी काही करायची नाही. त्यांनी दार लोटलं आणि सांगितलं. मुलीची आई पहाटे वारली. डबल ड्यूटी कसली नि काय, इतके महिने दवाखान्यात होती. वडिलांचा फोन आला होता. मुलीला पाठवू नका म्हणाले. "तिला दिसत तर नाही, येऊन काय करणार?" असं म्हणाले. परीक्षा झाली की सुट्टीत आपण समजावून सांगू, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे मी नाकारत नाही. वाईट बाई नाहीत त्या. पण मला ते वाक्य असं झोंबलं! दिसत नाही म्हणून येऊ नको? आपल्याच आईकडे? मी हात तसेच कांद्याचे घेऊन धावत बाईंच्या वर्गावर गेले आणि त्यांना बाहेर बोलावलं.

बाई तडक मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या. पुढचं सगळ्या व्हरांड्याने ऐकलं. बाई ओरडत होत्या, "तुम्ही हे तिला नुसतं तोंडाने सांगणार? सुट्टीत? तिला आयुष्यात एक तरी गोष्ट नुसती सांगून कळली आहे का? उद्या ती म्हणेल, कशावरून? काय देणार आहात तिच्या हातात?" मोठ्या बाई म्हणत होत्या, वडिलांची इच्छा आहे, नियम आहे, परीक्षा आहे. बाईंनी टेबलावरचा फोन उचलला, वडिलांना लावला आणि सांगितलं, "मी तिला घेऊन निघते आहे. आम्ही येईपर्यंत काही हलवायचं नाही. हलवलंत तर याद राखा." फोन ठेवला आणि मुलीला आणायला निघाल्या. मी म्हटलं, मी पण येते. स्वयंपाक मदतनिशीवर टाकला आणि निघाले, तशीच, पदर खोचलेली.

बसमध्ये मुलगी आमच्या मधे. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. तिचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं, "बाळा, आई खूप दिवस आजारी होती. तुला सांगितलं नाही, ते चूक झालं. आज सकाळी आई गेली. वारली."

मुलगी म्हणाली, "कुठे ठेवलीये?"

"घरी. मी तुझ्या हातात देणार आहे."

तिने मान हलवली. रडली नाही. खिडकीतून वारा येत होता, मी तिच्या डोक्यावरून पदर घातला, तर तिने तो हळूच काढून बाजूला केला. तिला बसचे आवाज ऐकायचे होते, थांबा चुकू नये म्हणून.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिन्यात शेजारीपाजारी उभे. मुलगी कठड्याला हात लावून आमच्या पुढे चढत होती, घर तिच्या ओळखीचं. वडील दारात. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, त्या माणसाला तरी काय बोलणार? आत तिची आत्या होती, वडिलांची बहीण. ती लगेच आडवी आली. "कशाला आणलंत पोरीला? तिला हात-बित लावू देऊ नका हं, घाबरेल."

बाई म्हणाल्या, "बाजूला व्हा." एवढंच. पण अशा म्हणाल्या की ती झाली बाजूला.

पलंगावर ठेवलं होतं तिला. मी पुढे होऊन बघितलं आणि खरं सांगते, मी ओळखलं नाही. ती गुबगुबीत बाई कुठे गेली? नुसता सांगाडा होता हो, वर कातडं. डोक्यावर केस नाहीत, औषधांनी सगळे गेलेले. गाल आत. दवाखान्याच्या औषधाचा तो उग्र वास. मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. त्यांनी मुलीला कडेला बसवलं, आईचा हात उचलला आणि तिच्या हातात दिला.

तिने घाई केली नाही. तिला शिकवलंच होतं तसं. आधी बोटं बघितली, एकेक. नखं बघितली. अंगठीच्या बोटापाशी थांबली, पुढे मागे चाचपलं. अंगठी नव्हती. बोट वाळून गेल्यावर ती राहणार कशी? काढून ठेवली असणार. मग तळवा. मग मनगट, कोपर, खांदा. मग चेहरा, कपाळ, कान. डोक्यावर हात गेला आणि तिथे थबकला. उशीच्या दोन्ही बाजूंना तिने हात घालून बघितलं, वेणी कुठे आहे म्हणून. शेवटी वाकून वास घेतला. तिने तो हात जपून जागेवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"ही मेलेली आहे," ती म्हणाली.

"हो, बाळा," बाई म्हणाल्या.

"पण ही आई नाही."

आत्याने तोंडात पदर कोंबला. वडील गुडघ्यांवर आले, "अगं तुझीच आई गं ती, तुझीच आहे, काय बोलतेस!"

"बाबा, आईला तर डबल ड्यूटी आहे ना? तुम्हीच म्हणालात."

बाईंनी तिला जवळ घेतलं, सांगायला लागल्या, आजारात माणूस वाळतं, केस जातात, अंगठी निघते. सगळं सांगितलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "बाई, मी सगळीकडून बघितलं. एक पण गोष्ट आईची नाही. तुम्ही डोळ्यांनी बघता ना, म्हणून तुमची गफलत झाली."

खालून माणसं आली. वेळ झाली होती, त्यांनाही किती थांबवणार? आईला उचलून नेताना मुलगी भिंतीला टेकून वाट देऊन उभी राहिली. "कोण होत्या या?" तिने मला हळूच विचारलं. "यांच्या घरचे कुणी नाही का आले?" मी रडत होते.

मग तिने घर धुंडाळलं. बाई मधे पडल्या नाहीत, मलाही पडू दिलं नाही. दोन्ही खोल्या, ओट्याखाली, मोरी, कपाटाच्या आत, दाराच्या मागे. आईच्या कपड्यांना हात लावला, वास घेतला. शेवटी उंबऱ्यापाशी बसून चपला चाचपल्या. बाबांच्या होत्या, आत्याच्या होत्या, आमच्या होत्या. आईच्या नव्हत्या. त्या दवाखान्यातच राहिल्या होत्या, कुणाला सुचतंय तेव्हा चपला आणायचं! मुलीच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आई बाहेर गेलीये," ती म्हणाली. "मला भेटायला गेली असणार. आपण इकडे आलो आणि ती तिकडे गेली. चुकामूक झाली. चला ना बाई, लवकर चला, ती बसून राहिली असेल."

आत्या म्हणाली, आज ठेवा इथेच. ती थांबेना. बाईंचा हात धरून ओढत जिना उतरली. परतीच्या बसमध्ये ती सारखी बडबडत होती, आई आली असेल, आईला वॉचमनने पाणी दिलं असेल का? बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटत होतं, आता काहीतरी बोलतील, आता काहीतरी काढतील, आजवर कुठल्या शब्दाला हरली नाही ही बाई. पण त्यांच्याकडे काही नव्हतं. जी एकच गोष्ट देण्यासारखी होती, ती त्यांची पोरीच्या हातात देऊन झाली होती. मला विचाराल तर नोकरी त्यांनी त्या बसमध्येच सोडली, राजीनामा नुसता नंतर दिला.

फाटकावर संध्याकाळच्या पाळीचा वॉचमन होता. त्या बिचाऱ्याला कशाचा पत्ता नाही. मुलीने लांबूनच विचारलं, "काका, माझी आई आली?"

"अजून नाही गं बाळा," तो म्हणाला. रोज सगळ्यांना म्हणतो तसंच.

"बघा!" ती आम्हाला म्हणाली. "अजून रस्त्यात असेल." आणि बाकावर जाऊन बसली, शेजारी जागा ठेवून.

बाई तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. तिचे गुडघे धरले आणि लहान मुलासारख्या हमसून हमसून रडायला लागल्या. "ती तुझीच आई होती गं. मी देत होते तुला. तीच होती." मुलीने चाचपत त्यांचा चेहरा शोधला, गाल ओले लागले तसे आपल्या झग्याने पुसले.

"तुम्ही नका घाबरू बाई," ती म्हणाली. "येईल ती."